निवडणुकीपुरती मोट

सत्तेसाठी परक्यांना जवळ करणाऱ्याला एक दिवस आपल्या माणसांना परके म्हणावे लागते. आणि त्या क्षणी ते त्याला पाप वाटत नाही, व्यवहार वाटतो.

लंडनमधल्या एजवेअरच्या त्या घरात श्यामलाबाई पुरणपोळ्या लाटत होत्या. कौन्सिलच्या वॉर्डातल्या पोटनिवडणुकीसाठी दोन उजव्या पक्षांनी युती केली होती, आणि उमेदवारी त्यांच्या मुलाला, यतीनला मिळाली होती. ओट्यावर प्रचाराचे पत्रक पडले होते : 'स्थलांतरितांच्या वृद्ध आईवडिलांचा भार या देशाने का सोसावा?' खाली यतीनचे हसरे छायाचित्र.

"हा भार म्हणजे मीच ना रे?"

"आई, ती त्या दुसऱ्या पार्टीची लाइन आहे. अलायन्समध्ये अ‍ॅडजस्ट करावं लागतं. आणि व्हिसाचं काही कौन्सिलच्या हातात नसतं गं."

"मग छापलंस कशाला?"

"व्होट्ससाठी! तुला काय टेन्शन? तुझा पासपोर्ट इंडियन, तुला इथे थोडंच व्होट आहे?" तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि ते लोक जेवायला आले की जरा वरच थांब. प्लीज."

श्यामलाबाई वर थांबल्या. खालून पोळ्यांची स्तुती ऐकू आली. कुणीतरी विचारले, केटरर कोण?

"ओळखीची एक लेडी आहे," यतीन इंग्रजीत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्या घेऊन त्या शेजारच्या रोझाकडे गेल्या. वृद्ध रोझा मूळची इटलीची.

"अठ्ठेचाळीस साली माझे वडील तिकडे अशाच उजव्या मोटेतून उभे होते," आपल्याही दारात आलेले पत्रक दाखवत ती म्हणाली. "तिच्यापायी त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं. निवडणूक हरले, मोट सुटली. भाऊ मात्र परतला नाही."

"जिंकले असते तर?"

"तर आणखी माणसं सोडली असती."

मतदानाच्या दिवशी यतीन सकाळीच बाहेर पडला. श्यामलाबाईंना सातारा आठवला. त्या मत देऊन घरी आल्या की लहानगा यतीन त्यांच्या बोटावरच्या शाईवर आपले बोट घासत बसे. रंग लागला नाही की रुसे. दुपारी रोझाला मत द्यायचे होते. तिच्या सोबतीला श्यामलाबाईही चर्चच्या हॉलपर्यंत गेल्या.

निकाल लागला. यतीन घरी आला आणि जमिनीवर बसून त्याने आईच्या मांडीवर डोके टेकले.

"एका व्होटने हरलो, आई! आता ते अलायन्सवाले फोनसुद्धा घेत नाहीयेत." त्याला हुंदका आला. "तुला व्होट असतं ना, तर आज वेगळाच निकाल लागला असता गं."

श्यामलाबाईंनी पदराने त्याचे डोळे पुसले. राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना इथे कौन्सिलसाठी मत देता येते, हे रोझानेच सांगून त्यांचे नाव नोंदवून दिले होते, आणि हॉलमध्ये भारतीय पासपोर्ट दाखवताच मतपत्रिका हाती आली होती. इथे बोटाला शाई लावत नाहीत. ते स्वच्छ बोट त्यांनी लेकाच्या कपाळावरून हलकेच फिरवले.

"सद्बुद्धी लाभो, बाळा."