यंदा चिठ्ठ्या मी लिहिल्या

सहामाही परीक्षा संपली की सुट्टीत कुठे जायचं, हे आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून ठरतं. समुद्र, जंगल, डोंगर आणि आत्याचं घर, अशा चार चिठ्ठ्या नवरा लिहितो. गेली तीन वर्षं नेमकं आत्याचं, म्हणजे माझ्या नणंदेचं घर निघतंय. तिथे सुट्टी बाकीच्यांची, स्वयंपाकघर माझं!

हा चारही चिठ्ठ्यांवर एकच नाव लिहीत असणार. म्हणून यंदा मी जाहीर केलं, "चिठ्ठ्या मी लिहिणार." तो लगेच "बरं" म्हणाला, तेव्हाच खरं तर माझ्या मनात पाल चुकचुकली. तरी आतल्या खोलीत दार लावून मी चारही चिठ्ठ्यांवर 'समुद्र' लिहिलं, वाटी टेबलावर ठेवली आणि धाकटीला बोलवायला गॅलरीत गेले.

धाकटीने डोळे मिटून चिठ्ठी काढली आणि मोठ्यांदा वाचली, "आत्याचं घर!"

"यंदा तर तूच लिहिल्या होत्यास," नवरा शांतपणे म्हणाला. "आता तरी फिटला ना संशय?"



मी मुकाट मान डोलावली. 'आत्याचं घर' मी लिहिलंच नव्हतं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?