न उघडलेला फुगा

गाडीच्या कंपनीचा माणूस दारात आला तेव्हा बिराप्पा चुलीपुढे भाकरी थापत होता. एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग फिरवलेल्या त्याच्या हातांना परातीतली भाकरी काही केल्या गोल फिरवता येत नव्हती. दैवशाला उंबऱ्याशी बसून गंमत बघत होती. अपघातात तिचं डावं मनगट मोडलं होतं आणि सहा महिने झाले तरी मूठ वळत नव्हती.

"अवो, भाकरी थापताय का घाटाची वळणं काढताय?"

"पोटात गेल्यावर समदी गोलच," म्हणत बिराप्पा पिठाच्या हातानंच बाहेर धावला.

अंगणात लिंबाखाली ताडपत्रीनं झाकलेली त्याची गाडी उभी होती. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली पहिली आणि शेवटची. येडशीजवळ रानडुक्कर आडवं आलं, त्याला चुकवताना गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. बिराप्पापुढचा एअरबॅगचा फुगा उघडला. दैवशालेपुढचा उघडला नाही. तेव्हापासून तो हात धुवून कंपनीच्या मागं लागला होता. अकरा पत्रं लिहिली. शेजारच्या सीटचा बेल्ट लावला नसेल, एवढंच उत्तर दर खेपेला यायचं. त्याला भरपाई नको होती, नवी गाडी नको होती. चूक कंपनीची आहे, एवढं फक्त कागदावर हवं होतं. भंगारवाला तीनदा हात हलवत परत गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ईट गावातली माणसं तोंडावर म्हणायची, तरी गडी हटला नाही.

आलेला इंजिनियर विरुपाक्ष सोलापूरकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्यानं सोबत आणलेली बॅटरी गाडीला जोडली, स्टिअरिंगखाली वायर खुपसली आणि मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बराच वेळ डोकं घातलं. मग चष्मा काढला.

"काका, तुमचं खरं निघालं. गाडी आदळली तेव्हा मावशींचा बेल्ट अडकवलेला होता, अशी गाडीच्याच मशिनमध्ये नोंद आहे. म्हणजे फुगा उघडायलाच पाहिजे होता. चूक आमची. मी लिहून देतो. मावशी, बेल्ट लावला होता असं इथं लिहितो, त्याखाली तुमची फक्त एक सही लागेल."

दैवशालेनं नवऱ्याकडं पाहिलं. ज्या दिवसासाठी त्यानं अर्धं वर्ष जिवाचं रान केलं तो दिवस दारात आला होता, आणि हा मात्र खाली मान घालून बोटांचं पीठ चोळत उभा होता.

"लावला व्हता की," ती म्हणाली. "आणा पेन."

"थांब," बिराप्पा म्हणाला.

तो घरात गेला. एसटीचा बिल्ला ठेवायच्या डबीतून काहीतरी घेऊन आला आणि चेपलेल्या बॉनेटवर ठेवलं. बेल्टाच्या टोकाला असते तशी लोखंडी क्लिप होती, पण तिला बेल्टच नव्हता. अशी क्लिप खाचेत खोचली की बेल्ट लावलाय असं गाडीला वाटतं आणि तिची टिंगटिंग बंद होते.

"बेल्ट न्हवता, साहेब. ही व्हती. म्याच आणली बार्शीहून. अन् अपघात झाला त्याच दिवशी म्याच उपसून लपवली."

विरुपाक्षानं क्लिप उचलून उलटसुलट पाहिली. "पण का, काका? तुम्ही तर मुरलेले ड्रायव्हर."

"रामलिंगाचा फाटा आला की ही हात जोडून वाकती, पार कपाळ टेकंस्तवर. भसकन वाकलं की बेल्ट मागं वढतोय. म्हणायची, तुमची गाडी देवापुढं बी वाकू देत न्हाय. लई हिरमुसायची. म्हणलं, वाकू द्यावं हिला." त्यानं पिठाचे हात सदऱ्याला पुसले. "एकतीस वर्षं परकी माणसं सुखरूप पोचवली साहेब. अन् घरचं एक माणूस न्हाय संभाळता आलं."

दैवशालेला यात नवं काहीच नव्हतं. अपघातानंतर शुद्धीवर आली तेव्हाच तिला सगळं आठवलं होतं. अकराच्या अकरा पत्रं पोस्टात नेऊन टाकली ती तिनंच. कंपनीशी भांडतोय तोवर हा माणूस स्वतःला खात बसणार नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

"काका, तरीही आमची चूक पुसली जात नाही," विरुपाक्ष म्हणाला. "बेल्ट आहे असंच गाडी समजत होती. मग फुगा उघडायलाच हवा होता."

"मग दोन्ही लिवा. तुमची बी अन् माझी बी."

"अन् माझी?" दैवशाला उठून गाडीपाशी आली. "ती क्लिप उपसून फेकायला मला एक हात पुरला असता. तवा तर दोन्ही धड व्हते. पण न्हाय फेकली. नवरा आपल्यासाठी बार्शीहून आठवणीनं घेऊन आला, ह्याचंच लई ग्वाड वाटायचं बघा. लिवा, माझी बी चूक लिवा."

"तू गप," बिराप्पा म्हणाला.

"तुमी गप. अकरा पत्रांत तुमीच बोललाव."

विरुपाक्षानं छापील कागद दोघांपुढं धरला. त्याला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही धड कोरडे नव्हते.

"मावशी, चूक कुणाची ते लिहायला इथं एकच ओळ आहे."

दैवशालेनं वाकून ती ओळ नीट पाहिली.

"मग बारीक अक्षरात लिवा," ती म्हणाली. "मावू तिघं बी."