दहापैकी नऊ

लहानपणी बाबा आणि मी प्रश्नोत्तरांचा पटावरचा खेळ खेळायचो. आई शेजारी काहीबाही शिवत बसायची. तिला कधी कुणी खेळायला बोलावलं नाही. मी दूर नोकरीला गेल्यावर तोच खेळ, त्याच प्रश्नांसकट, मोबाईलवर आला आणि आमचा डाव पुन्हा रोज रंगू लागला.

गेल्या वर्षी भावाचे फोन सुरू झाले. "ताई, बाबा घरचा रस्ता चुकतात गं. एकदा येऊन बघ."

"काहीतरीच! कालच त्यांनी मला इतिहासात धूळ चारली. दहापैकी नऊ!" मी हसण्यावारी न्यायचे आणि रजा पुढे ढकलायचे.

घरी पोचले ती बाबा गेल्यावरच. चार दिवसांनी त्यांचा मोबाईल हातात घेऊन आईला म्हटलं, "शेवटच्या आठवड्यातही हरवलं त्यांनी मला."

आई त्यांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. "ती मी गं. वर्षभर मीच खेळत होते. तुमचं ऐकून ऐकून उत्तरं पाठच झाली होती मला. सुरुवातीला त्यांनीच सांगितलं, पोरीला कळू देऊ नकोस, नोकरी टाकून धावत येईल."

"आणि नंतर?"



"नंतर शेजारी बसून स्क्रीनवरच्या तुझ्या फोटोवर बोट ठेवायचे आणि विचारायचे, 'ही कोण गं? रोज हरते बिचारी.'"