हेर्डिसच्या वाट्याच्या फांद्या

फोन हेर्डिसने घेतला, कारण मालकाचे, एजनरचे, दोन्ही हात मासे मुरवायच्या मिठाच्या पाण्यात कोपरापर्यंत होते. तिने ऐकून घेतलं, मग फोन त्याच्या कानाला लावला आणि पलीकडचं बोलणं संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. कार्ना गेली होती. आदल्या दुपारी छातीत दुखतं म्हणून एजनरने बायकोला शहरातल्या रुग्णालयात नेलं होतं. सकाळी भेटायला या, असं सांगून त्यांनी त्याला घरी पाठवलं होतं.

"तू नीघ," हेर्डिस म्हणाली. "धुरी द्यायचे मासे सळ्यांवर चढलेत. आम्ही बघतो."

निघताना त्याला दिसलं की तिने आज चांगला निळा ब्लाउज घातला होता, गळ्याशी चांदीचा ब्रोच होता. त्यावरच तिने कामाचा एप्रन बांधला आणि दुसरा कामगार बेन्ट याच्याबरोबर धुराड्याखाली लाकडं रचायला बसली.

अंत्यविधी झाला. मे महिना लागला. डेन्मार्कच्या बोर्नहोम बेटावर मे महिन्यात हेरिंग मासा कुणासाठी थांबत नाही. एजनरच्या धुरीघरात कामाला दोघंच, हेर्डिस आणि बेन्ट. हेर्डिस आग सांभाळायची. विक्रीची खिडकी कार्नाची होती, तिथे आता बेन्ट उभा राहायचा. तो गिऱ्हाइकांकडे असा बघायचा की ती बिचकून ठरवल्यापेक्षा जास्त मासे घेऊन जात.

मग गावात बोललं जाऊ लागलं, की बंदरापलीकडच्या मोठ्या धुरीघराने हेर्डिसला कामाला बोलावलंय. एजनरने तिला काही विचारलं नाही. एका सकाळी जाता जाता म्हणाला, "जायचं तर जा. इथे कुणाला बांधून ठेवलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली.

ती गेली तर आपल्याला धुरीघर बंद करावं लागणार, हे तो जाणून होता. बेन्टची पाठ गेलेली होती, आणि त्याचं स्वतःचं मन कशातच नव्हतं.

"पंचवीस वर्षं काढली इथे," तो त्या दुपारी बेन्टला म्हणाला, "आणि आता निघाली."

बेन्ट मासे कागदात गुंडाळत होता. "म्हणजे मोजता येतात तुला."

"काय?"

"वर्षं. कधी पूर्ण झाली, सांग बरं."

एजनर बोटांवर मोजू लागला.

"फोन आला त्या दिवशी," बेन्ट म्हणाला. "हेर्डिसबाई चांगले कपडे घालून पहाटेपासून घरी वाट बघत बसली होती. कोणी आलं नाही. मग कामाला आली."

पंचवीस वर्षं भरली की त्या पहाटे मालकाने कामगाराच्या दाराभोवती हिरव्या फांद्यांची कमान बांधायची, दारात उभं राहून सगळ्यांनी गायचं, मग एकत्र न्याहारी करायची, ही रीत एजनरला माहीत नव्हती असं नाही. पण ते सगळं कार्ना बघायची. बेन्टच्या वेळी तो फक्त गाण्यात ओठ हलवायला होता.

"हेर्डिससाठी फांद्यासुद्धा तोडून आणल्या होत्या कार्नाने," बेन्ट म्हणाला. "मागच्या शेडमध्ये ठेवल्या होत्या. आता नाहीत. कुठे गेल्या ते हेर्डिसलाच विचार. मला तिने बोलायची बंदी केलीय."

हेर्डिस धुराड्यापाशी होती. एजनर तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"फांद्या कुठे आहेत?"

तिने वर आलेल्या ज्वाळेवर ओलं पोतं टाकलं. ज्वाळा खाली बसली, तेव्हा बोलली.

"कार्नापाशी. कबरीचा खड्डा खणून झाला होता. आत नुसती पिवळी माती. तुला ती बघायला लागू नये म्हणून आदल्या संध्याकाळी बेन्टने आणि मी चारी बाजूंनी आतून फांद्या लावल्या. तिच्याबरोबरच पुरल्या गेल्या."

अंत्यविधीच्या दिवशी कबरीच्या काठावर उभं राहून त्याने खाली पाहिलं होतं. खाली सगळं हिरवं होतं. म्हणूनच तो उभा राहू शकला होता.

"मला वाटलं, चर्चवाल्यांनी केलं."

"चर्चवाले करतात होय इतकं."

"आणि त्या पलीकडच्यांना काय सांगितलंस?"

"त्यांना होय? नाही म्हटलं, विचारलं त्याच दिवशी. त्यांचा धूर बटण दाबलं की येतो. मी काय दिवसभर बटणाकडे बघत बसू?"

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू जा म्हणालास."

 मासे उतरवायची वेळ झाली होती. तिने सळईचं एक टोक धरलं, दुसरं धरायला कुणीतरी हवं होतं. ते त्याने धरलं.

रविवारी तो रानात जाऊन फांद्या तोडून आला. त्या शेडमध्ये आहेत. कमान बांधायला कार्नाला यायचं, आणि तिच्या हाताखाली शिकलेल्या हेर्डिसला. बेन्टला येत नाही, एजनरला येत नाही. आता कशी बांधायची ते हेर्डिसलाच विचारावं लागणार आहे. त्याने अजून विचारलेलं नाही.