आतला फोन

मोडेमने पुन्हा नंबर फिरवला, शिट्टी मारली, घसा खरवडल्यासारखा आवाज काढला आणि आता लागलंच म्हणेपर्यंत गप्प बसला. पडद्यावर पुन्हा तीच चौकट उगवली. संपर्क तुटला.

"लाइनच खराब दिसतेय, वहिनी," मेकॅनिक म्हणाला. जमिनीवर बसून बसून त्याचे पाय आखडले होते. सगळ्या वायरी त्याने काढून पुन्हा खोचल्या होत्या, सॉफ्टवेअर पुसून नव्याने भरलं होतं. आता त्याचं लक्ष कंप्युटरपेक्षा दाराकडे जास्त होतं.

ती मात्र कुठे जाणार होती! सासऱ्यांना एकटं ठेवता येईना म्हणून तिने ऑफिसला जाणं सोडलं होतं आणि साहेबांच्या हातापाया पडून टायपिंगचं काम घरी मिळवलं होतं. पहिली फाइल आज संध्याकाळपर्यंत ऑफिसात पोचली नाही, तर ते काम दुसऱ्या कुणाला जाणार होतं. साहेबांनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. साहेबांच्या गोड आवाजाची तिला जास्त धास्ती होती.

"घरात दुसरा फोन आहे का?" मेकॅनिकने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला.

"हॅलो? हॅलो, कोण? अगं, बोल ना!"

तिने कपाळाला हात लावला. फोन घ्यायच्या धावपळीत कुठे पडायला नकोत म्हणून तिनेच त्यांच्या उशाशी त्याच लाइनवरचा जोडफोन बसवून घेतला होता. मोडेम नंबर फिरवू लागला की त्याची घंटी जराशी किणकिणत होती. एरवी चहा झालाय म्हणून चारदा ओरडावं लागे, पण ही किणकिण त्यांना बरोबर ऐकू येत होती. ते रिसीव्हर उचलत, आणि इकडे सगळ्या मेहनतीवर पाणी.

ते कुणाच्या फोनची वाट बघतात, हे तिला विचारावं लागलं नाही. गेल्या वर्षी नणंद भांडून गेली त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी काढत नसे. तेही काढत नसत. फोन मात्र हाताशी लागे.

"तो काढा आधी," मेकॅनिक म्हणाला.

सासरे बाथरूममध्ये जाईपर्यंत ती थांबली. मग पलंगामागे वाकून तिने प्लग उपटला. स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं वाटलं. पण त्या वाटण्याशी झगडत बसायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

या वेळी मोडेम किंचाळला, खरखरला आणि लागला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली, आणि एकदाची फाइल गेली. तिला हसावंसं वाटलं, पण जांभईच आली.

"नेट चालू असेल तोवर बाहेरून फोन लागणार नाही हं," मेकॅनिक हत्यारं पिशवीत कोंबत मोठ्याने म्हणाला. "एंगेज येईल. काम झालं की इथे क्लिक करून तोडायचं." चहाचं विचारायच्या आत तो जिना उतरलाही होता.

आधी आतला प्लग लावून टाकू, म्हणून ती खोलीत गेली. सासरे पलंगावर बसले होते, मुका रिसीव्हर कानाला लावून.

"हा बंद पडला गं."

"मीच काढला होता, बाबा. तुम्हाला सांगायला हवं होतं. चुकलंच माझं." ती पलंगामागे वाकली. "रिसीव्हर ठेवा, मग लावते हं."

"तो माणूस काय म्हणत होता? तुझं ते यंत्र चालू असलं की बाहेरचा फोन येत नाही?"

"नाही येत. करणाऱ्याला एंगेज लागतो. पण माझं काम झालंय, आता तोडतेच."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. त्याच्या वायरीला पडलेला पीळ सोडवू लागले.

"नको तोडूस एवढ्यात," ते म्हणाले. "करत असेल ती. लागत नसेल बिचारीला."

मोडेम आज दुपारीच घरात आला होता; त्याआधी वर्षभर लाइन मोकळीच होती. तिच्या अगदी ओठांवर आलं होतं ते, पण तिने वाकून प्लग लावला.

ती बाहेर येऊन कंप्युटरसमोर बसली. पाठवायचं काही उरलं नव्हतं. मोडेमचे दिवे लुकलुकत होते. तिने ते तसेच लुकलुकू दिले.