शंभराव्या लेव्हलची कोंबडी

लोट्याच्या एमआयडीसीत कामाला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये खेळून गुरुप्रसादने महिनाभरात गेमची शंभरावी लेव्हल गाठली. गेममध्ये वाटेत भेटणाऱ्या कुणाचंच त्याने ऐकून घेतलं नाही, सरळ ‘स्किप’ दाबलं.

त्याची बायको मृणाली तोच गेम खेळत अजून अकराव्या लेव्हलवर होती. “म्हातारी हाक मारत्येय, तिला तशीच टाकून पुढे कसं जायचं?” असं म्हणायची. तो हसायचा.

रविवारी बसमधली सगळी गँग आपापल्या घरून गेममधल्या शेवटच्या गुहेपाशी जमली. दरवाजा उघडेना. चावी म्हणे पहिल्या गावातल्या म्हातारीकडे, आणि तिची हरवलेली कोंबडी आणून दिल्याशिवाय ती देत नाही.

गुरुप्रसाद तासभर तलवार परजत गावभर फिरला. शेवटी मृणालीने त्याच्यापुढे चहा ठेवला.



“अहो, ती म्हातारीच्या पडवीमागे अंड्यांवर बसलीय. आणि आधी ती तलवार आत ठेवा, घाबरते ती.”