हिरवं ठिगळ

सत्त्याण्णव साली निमगाव साव्याला सिनेमा काढायला आलेली ऑस्ट्रेलियाची बाई अंजनाच्या घरी उतरली. एवढ्या सिनेमाची मालकीण, पण पँट एका गुडघ्यावर फाटकी! अंजनाचा जीव हळहळला. धुतलेल्या पँटीला तिनं गुपचूप हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं. बाईनं ठिगळावरून बोट फिरवलं. पुढं लेक अक्षदा कॉलेजात जायला लागल्यावर हसून म्हणाली, "आये, फाटक्या पँटीची फॅशनच असती!" अंजनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सिनेमानंतर दहा वर्षांनी बाई पुन्हा दारात उभी. अंगावर तीच पँट, तेच ठिगळ. अंजनानं पदरात तोंड लपवलं. "चुकलं बाई माझं!" अक्षदानं ते बाईला इंग्रजीत सांगितलं. बाईचं उत्तर ऐकून ती आईकडं वळली. "आये, प्रत्येक सिनेमाच्या शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्या हीच घालत्यात." बाईनं दुसरा गुडघा पुढं केला. तिथं कापड खरोखरच विरलं होतं. अंजना हिरवं लुगडं शोधायला पळाली.